खुडबुडीची ताई

रविवारी सकाळी थोरली उंदराचा पिंजरा आणायला गेली, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि दुकानदार खिळ्यांच्या डब्यांवरची धूळ झटकत होता. तिने हळू आवाजात पिंजरा मागितला. त्याला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा मागितला.

"उंदीर की घूस?"

"उंदीर. छोटे आहेत."

"छोटे म्हणजे घरात बाळंतपण झालेलं दिसतंय." तो स्वतःच हसला. "लहान मुलं आहेत का घरात?"

"दोन. बहीण पाच वर्षांची आणि भाऊ दहा महिन्यांचा."

"मग औषध नको आणि चिकट पुठ्ठाही नको. उंदीर राहील बाजूला, बाळच चिकटून बसेल." त्याने फळीवरून पिंजरा काढला, दार दोनदा खटकन पाडून दाखवलं. "हा ने. आणि भोकं बुजवून टाका. पण बुजवायच्या आधी भोकात कागदाचा सैलसा बोळा ठेवायचा. दोन रात्री तो हलला नाही तर आत कुणी नाही, मगच सिमेंट लावायचं. हलला तर थांबायचं. नाहीतर ते आतल्या आत मरतात आणि महिनाभर नाक धरून जेवावं लागतं."

थोरलीने मान डोलावली, पैसे दिले आणि पिंजरा ओढणीखाली झाकून घरी आली. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं आणि "काय आणलंस गं?" असं विचारलं तर काय सांगायचं, याचीच तिला काळजी होती.

या भाड्याच्या घरात येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकामागे एक. मागची खोली निजायची. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीतली फळी होती आणि फळीखाली जमिनीलगत, मूठ जाईल एवढं भोक. भोकाच्या पलीकडे काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या भिंतीच्या बाहेर थोडं अंतर सोडून आणखी एक भिंत होती आणि दोन्हींच्या मध्ये नुसती पोकळी.

वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना आईने उंदरांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या घरात आजवर उंदीर नव्हते बाई. तुमच्या सामानातून आले असतील."

"हो ना," आई म्हणाली, "टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून आणले मी त्यांना."

घरमालकीणबाईंना विनोद आवडत नसावा. त्या दिवसापासून जरा आवाज झाला की त्या वरून काठीने जमीन ठोकायच्या.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दुपारी दोनला जायची ती रात्री साडेदहाला यायची, हातांना इस्त्रीच्या वाफेचा वास घेऊन. बाबा ट्रकवर, दहा दिवसांतून एकदा घरी. म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत घर थोरलीचं. वय पंधरा. घरात सगळे तिला थोरलीच म्हणत, फक्त धाकटी, चिमी, ताई म्हणे.

उंदरांनी पावाची पिशवी कुरतडली, पिठाच्या डब्याच्या झाकणावर लेंड्या टाकल्या, बाळाच्या दुपट्याचा एक कोपरा नेला. हे सगळं आवरता येत होतं. आवरत नव्हतं ते चिमीचं रडणं. दिवे मालवले की फळीखालून खुडबुड सुरू व्हायची. आधी बारीक, वाळलेल्या पानांवरून कुणी बोट फिरवावं तशी. मग थांबायची. मग एकदम उशाशीच. चिमी ताडकन उठून बसायची, तिच्या रडण्याने बाळ उठायचं, बाळाच्या रडण्याने वरची काठी ठकठक करायची. थोरलीची चाचणी परीक्षा तोंडावर आलेली. तीन रात्री ती वही मांडीवर घेऊन दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यात बसली आणि तिन्ही रात्री एक पानसुद्धा वाचून झालं नाही.

चौथ्या संध्याकाळी ती खोटं बोलली.

"चिमे, तो उंदीर नाहीये."

चिमी हुंदका अर्ध्यावर थांबवून बघायला लागली.

"भिंतीच्या मागे एक मुलगी राहते. तुझ्याएवढीच. ती खेळते तिथे. खुडबुड खुडबुड करते म्हणून तिचं नाव खुडबुडी."

"ती दिसत का नाही?"

"लाजते."

"तुझ्यासारखी?"

"माझ्यापेक्षा जास्त."

चिमीने नाक पुसलं. "मग ती घरी का नाही जात?"

थोरलीला झोप अनावर झाली होती. जे तोंडात आलं ते ती बोलून गेली. "तिच्या ताईने तिला सांगितलंय, मी येईपर्यंत इथेच थांब. म्हणून ती थांबलीये."

"ताई कुठे गेलीये तिची?"

"कामाला. येईल. झोप आता."

आणि चिमी झोपली. इतक्या सहज की थोरलीला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या रात्री तिचे दोन धडे वाचून झाले.

पुढच्या दिवसांत खुडबुडी घरचीच झाली. चिमी शाळेतून आली की फळीखाली पालथी पडून तिला दिवसभराचं सांगायची. कोण पडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, बाईंनी कुणाचा कान धरला. रात्री खुडबुड झाली की ती भिंतीवर तीन टिचक्या मारून कूस बदलायची. एकदा थोरलीला वाटलं, टिचक्यांना पलीकडून उत्तर आलं. तीनच. मग तिने ठरवलं की तो भास होता.

पिंजऱ्यात मात्र काही सापडेना. पावाचा तुकडा तारेला लावलेला तसाच वाळून जायचा. त्याचं कारण थोरलीला आठवडाभराने कळलं. फळीखाली झाडताना बिस्किटांचा चुरा निघाला. चिमी रोज आपल्या वाटणीची दोन बिस्किटं भोकात सरकवत होती.

"तिला भूक लागते," चिमी म्हणाली. "तिला कोण देणार?"

इथे थोरलीने खरं सांगायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळलं होतं. पण खरं सांगितलं की रात्रीचं रडणं परत, काठी परत, परीक्षेला चार दिवस. "बरं, पण एकच दे," ती म्हणाली आणि चुरा केरात लोटला.

दोन दिवसांनी, गुरुवारी पहाटे, बाळ किंकाळी फोडून उठलं. दिवा लावला तर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर शेजारी शेजारी दोन बारीक टोचे होते आणि चादरीला रक्ताचा एवढासा डाग. आईने त्याला उचललं, अंगठा साबणाने धुतला, धूत राहिली. उजाडल्यावर त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली. ती परत यायच्या आत थोरलीने फळीखालचा चुरा कण न् कण वेचून काढला, जागा ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं धुऊन टाकलं.

आई आली तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. इंजेक्शन दिलं होतं, आणखी दोन द्यायची होती.

"माझंच चुकलं," आई म्हणाली. "पहिल्या दिवशीच ते भोक बुजवायला हवं होतं. तुझ्यावर टाकून जाते सगळं." तिने थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या हाताखाली थोरली उभी राहिली.

रविवारी भोक बुजवायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी थोरलीने दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे जुन्या वहीचा एक कागद चुरगळून भोकात सैलसर कोंबला. चिमी शेजारी बसून बघत होती.

"तिला अंधार होईल," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी कागद बाहेर, जमिनीवर होता. थोरली तो उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. उंदराने कागद ढकलला असता, फाडला असता, कुरतडून भुगा केला असता. हा कागद उलगडलेला होता, हाताने सपाट केलेला होता आणि त्याची कडेला कड लावून चौघडी घातलेली होती.

चिमीनेच केलं असेल. तिने चिमीला विचारलं. चिमीने नाही म्हणून मान हलवली आणि निरागसपणे म्हणाली, "मला नीट घडी येत नाही ना." ते खरं होतं. चिमीच्या घड्या नेहमी तिरक्या व्हायच्या.

थोरलीने दुसरा कागद कोंबला, आधीच्यापेक्षा घट्ट. रविवारी सकाळी तोही बाहेर होता. चौघडी घालून, कालच्या जागीच ठेवलेला.

बाहेरच्या खोलीत आई सिमेंट कालवत होती. पत्र्याच्या घमेल्यात थापी घासल्याचा आवाज येत होता. "काय गं, हलला का कागद?"

हलला म्हटलं असतं तर आई आत आली असती. कागद बघितला असता. मग चिमी बोलली असती, बिस्किटांचं निघालं असतं, आणि मग बाळाच्या अंगठ्याचं.

"नाही हलला," थोरली म्हणाली.

आईने भोकात तारेची घासणी खुपसली, काचेचे तुकडे भरले आणि वरून सिमेंट थापलं. दहा मिनिटांचं काम. चिमी सगळा वेळ दारात उभी होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"आता तिची ताई कुठून येणार?" तिने विचारलं.

"कुणाची ताई गं?" आईने विचारलं. थोरलीने घमेलं उचललं आणि धुवायला नेलं.

त्या संध्याकाळी भिंत ओरबाडल्याचा आवाज आला. उंदरांचा असतो तसा भराभर, बारीक नव्हे. सावकाश, वरून खाली, एका नखाने. थोरलीने बाळाला मांडीवर घट्ट धरलं आणि पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग टिचक्या ऐकू आल्या. एक… दोन… तीन. जमिनीपासून फार वर नव्हे. पाच वर्षांच्या मुलाचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

चिमी अंथरुणातून उठली, भिंतीला तोंड लावून कुजबुजली, "थांब हं… येईल ती."

सोमवारी टिचक्या हळू झाल्या. मंगळवारी दोनच आल्या आणि तिसरीची वाट बघत थोरली किती तरी वेळ जागी राहिली. बुधवारी काहीच नाही.

वास येईल म्हणून आईने कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. वास आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. थोरली दुकानदाराला विचारून आली. "आत असते तर नाकाने सांगितलं असतं," तो म्हणाला. "आत काही नव्हतंच. छान झालं काम."

उंदीर खरोखरच गेले. पीठ, पाव, दुपटी, सगळं शाबूत. बाळाचा अंगठा बरा झाला. बिघडली ती चिमी. शाळेतलं काही सांगेना. ताईच्या हातून घास घेईना, वेणी घालून घेताना मान ताठ धरी. एका संध्याकाळी अंधार पडता पडता तिने विचारलं, "ताई, तू मला कुठे थांब म्हणालीस तर तू येशील?"

"येईन ना."

चिमीने नुसतं तिच्याकडे बघितलं. एखादा मोठा माणूस समोरच्याची लबाडी ओळखून विषय सोडून देतो, तसं.

बालवाडी सव्वाला सुटायची. फाटकापाशी बाक होता, मुलांनी तिथे बसायचं, घरचं माणूस आलं की जायचं. थोरलीची शाळा जवळच. ती धावत यायची आणि चिमी बाकावर पाय हलवत बसलेली असायची. त्या आठवड्यात एके दिवशी थोरलीला बाईंनी वह्या गोळा करायला थांबवलं. पाच मिनिटं, फार तर सात. ती फाटकाशी पोचली तेव्हा बाक रिकामा होता.

ती आधी घराकडे धावली, मग उलट. चिमी सापडली मोठ्या रस्त्यावर, जिथून बाबांच्या ट्रकसारखे ट्रक जातात तिथे, रस्त्याच्या अगदी कडेला, दप्तर पोटाशी धरून. एक भाजीवाली तिचा दंड पकडून उभी होती.

"ही तुमची का? दोनदा खाली उतरली रस्त्यावर. विचारलं तर म्हणते, थांबायचं नाही. थांबलं की बंद करतात."

थोरलीने तिला छातीशी धरलं. घरी पोचेपर्यंत तिने चिमीचा हात सोडला नाही. आईला तिने काही सांगितलं नाही. काय काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची?

आई कामावर गेली. संध्याकाळी बाळ झोपल्यावर थोरलीने बाबांच्या अवजारांच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली. दिवे गेलेले नव्हते, पण मागच्या खोलीतला दिवा पिवळा आणि मलूल होता, फळीखाली त्याचा उजेड पोचत नव्हता. तिने चिमीच्या हातात टॉर्च दिला.

"नीट धर."

"काय करतेस?"

"उघडते."

पहिल्या घावाला वरून काठी वाजली. थोरली थांबली नाही. ठोकत राहिली, काठीही वाजत राहिली, मग कधी तरी काठी थांबली. सिमेंट पापुद्र्यांनी निघालं. काचा तिने फडक्याने काढल्या, तरी तर्जनीला कापलंच. तारेची घासणी ओढून काढली आणि भोक काळंभोर उघडं पडलं.

आतून गार हवा आली. मेलेल्याचा वास नव्हता. ओले केस न पुसता तसेच बांधून ठेवले की येतो, तो वास होता.

थोरलीने टॉर्च आत धरला. एक वीट, तिच्यावर धूळ. उंदीर नाही, लेंडी नाही. विटेवर मात्र बिस्किटं होती. चिमीने दिलेली, कितीतरी. काही उष्टी, अर्धी खाल्लेली. आणि प्रत्येकाचा उरलेला अर्धा भाग एकावर एक रचलेला, कडेला कड जुळवून.

"अर्धी तिच्या ताईसाठी ठेवली असतील," चिमी हळूच म्हणाली.

टॉर्च आता दोघींच्याही हातात होता. थोरलीला दार लोटून पळायचं होतं. पण तिच्या शेजारी चिमी होती, दुपारी रस्त्याच्या कडेला उभी असलेली, आणि तिला थांबण्याची भीती थोरलीनेच शिकवली होती. ती जमिनीवर आडवी झाली आणि गाल फरशीला लावून भोकाशी तोंड नेलं.

"खुडबुडे…" ती म्हणाली. "मी आले गं. उशीर झाला. माझं चुकलं… फार चुकलं. चल आता बाहेर."

तिला रडू आलं. हे सगळं ती चिमीसाठी बोलत होती, पण बोलता बोलता तिला जाणवलं की ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलते आहे आणि ते कुणीतरी श्वास रोखून ऐकतं आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. काही दिसलं नाही. भोकाजवळची धूळ जरा हलली, तेवढंच. मग चिमी उठून दोन पावलं मागे सरकली, दारातून आत येणाऱ्याला आपण वाट देतो तशी. तिने खालून वर बघितलं नाही. सरळ समोर बघितलं, स्वतःच्या उंचीच्या कुणाकडे तरी, आणि हसली.

"ये," ती म्हणाली. "ही माझी पण ताई आहे."

त्या रात्री आई आली तेव्हा भिंत फुटलेली, थोरलीचं बोट बांधलेलं आणि तिन्ही मुलं एका पांघरुणात. थोरलीने सगळं सांगितलं. बिस्किटं, चुरा, अंगठा, कागद. आईने ऐकून घेतलं. रागावली नाही, जवळही घेतलं नाही. थोडा वेळ ती बाळाचा अंगठा हातात धरून बसली. मग म्हणाली, "आधी सांगायचं होतंस गं," आणि उठून जमिनीवरच्या काचा गोळा करायला लागली. ते वाक्य थोरलीला अजून ऐकू येतं.

चिमी दुसऱ्या दिवसापासून बाकावर बसून राहायला लागली. उशीर झाला तरी हलत नसे. भिंत फोडली म्हणून घरमालकीणबाईंनी घर सोडायला सांगितलं. महिन्याभरात दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, कोरडी, उजेडाची. तिथे उंदीर नाहीत. बाळ चालायला लागलं आहे.

थोरली आधीपेक्षाही कमी बोलते. ती खोटं बोलली होती, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मुलगी खोटी होती, ताई खोटी होती, थांब म्हणून सांगणंही खोटंच होतं. पण रात्री कधी कधी तिच्या मनात येतं, आपण उगाच बोललो ते चुकून खरं असलं तर? तर कुठेतरी खरी ताई असेल. ती कामावरून निघेल, त्या घरापाशी येईल, फळीखाली वाकून हाक मारेल आणि आत कुणी नसेल. आपण तिची बहीण तिचं नाव सांगून घेऊन आलो. परत कुणाला आणि कशी द्यायची, ते थोरलीला कळत नाही.

हल्ली रविवारी आई दोघींच्या गणवेशांना इस्त्री करते. धुलाईघरातल्या बायकांत तिचा हात धरणारं कुणी नाही. ती घडी मोडून थोरलीचा फ्रॉक पसरते, त्यावर पाण्याचा हबका मारते आणि दर वेळी एका जागी इस्त्री थांबवते.

"काय करतेस गं याचं? सगळा फ्रॉक धड आणि इथेच कसा चुरगळतो? मूठभर जागा. कितीही दाबलं तरी जात नाही."

थोरली बघते. डाव्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, बारीक बारीक चुण्या.

"चिमी ओढत असेल," आई म्हणते. "रस्त्याने धरून चालते ना तुला."

"हो," थोरली म्हणते.

चिमी नेहमी तिच्या उजव्या हाताला चालते.